बयाक्काच्या रानाची मोजणी

"हितंच," बयाक्का म्हणाली आणि पायाच्या अंगठ्यानं तिनं जमिनीवर फुली काढली. "आमच्या रानाचा उगवतीकडचा दगड हितं व्हता. खना."

बिरूनं टिकाव उचलला, पण मारला नाही. "आत्ती, सायबास्नी इचार की आदी."

"त्यांस्नी काय इचारायचं? त्यांचा जलम तरी झाला व्हता का तवा?"

जन्म झाला नव्हता हे खरंच होतं. त्यामुळे मी हातानंच बिरूला 'खण' अशी खूण केली. मी तेव्हा तालुक्याच्या भूमी अभिलेख कचेरीत भूकरमापक होतो. लोक मोजणीदार म्हणत. मोजणी विरुद्ध गेली की काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही. बेचाळीस वर्षांचा होतो, अठरा वर्षं नोकरी झाली होती, आणि 'या चिवट्याच्या मोजणीत वीतभर चूक दाखवा, मिशी उतरवतो' असं मी कचेरीत सगळ्यांसमोर बोलत असे. मिशी निवृत्त होईपर्यंत शाबूत राहिली. त्याचा आता अभिमान वाटत नाही.

हे शहाण्णव सालच्या फेब्रुवारीतलं. सकाळचे नऊ वाजले होते आणि खरसुळ्याच्या विमानमाळावर आम्ही पाच माणसं उभी होतो. मी, माझा मोजणीची साखळी धरणारा शिपाई दौलूमामा, बासष्ट वर्षांची बयाक्का मासाळ, तिचा भाचा बिरू, आणि महामंडळाचे इंजिनियर नाईकनवरे. आमच्यापासून वीस पावलांवर धावपट्टी होती. डांबराला भेगा पडून त्यात कुसळं उगवली होती, तरी ती दीड मैल सरळ पळत गेलेली दिसायची.

या माळाची हकीकत थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्रेचाळीस साली, दुसऱ्या महायुद्धात, ब्रह्मदेशाकडे जाणाऱ्या विमानांना उतरायला जागा हवी म्हणून गोऱ्या सायबानं खरसुळ्याचा सपाट माळ पसंत केला. आठ दिवसांत गाव उठवलं. चारशे एकर रान गेलं. लढाई संपली, गोरे गेले, आपलं हवाई दल आलं. बासष्ट आणि पासष्ट साली माळाला पुन्हा जरा जाग आली, मग तळ मोठ्या शहराकडे हलवला आणि इथे फक्त तारेचं कुंपण, दोन पहारेकरी आणि एक वाऱ्याची दिशा दाखवणारी फाटकी पिशवी राहिली. पुढे पहारेकरीही गेले. मग खरसुळ्याच्या लोकांनी धावपट्टीवर मिरच्या वाळवल्या, हुलगे मळले, पोरांनी मोटारसायकल शिकून घेतली. पन्नास वर्षांत त्या पट्टीवर जेवढी विमानं उतरली नसतील तेवढ्या मिरच्या तिथं वाळल्या. आणि चौऱ्याण्णव साली सरकारनं ठरवलं की इथे उद्योगनगरी करायची. गोदामं, शीतगृहं, रुंद रस्ते. माळ महामंडळाकडे आला.

आता यात बयाक्काचं काय अडकलं होतं? चारशे एकरातलं बहुतेक रान सरकारनं कायमचं घेतलं होतं, त्यावर बोलायला जागा नव्हती. पण मावळतीच्या कडेचे अकरा तुकडे नुसते 'लढाई संपेपर्यंत' घेतले होते. तसा हुकूमच होता, आणि त्याची पिवळी पडलेली प्रत मासाळांच्या घरात पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेली होती. लढाई संपून अर्धशतक लोटलं तरी रान परत मिळालं नाही, कारण त्या अकरा तुकड्यांचा नकाशाच कुठे सापडेना. कुठल्याशा कचेरीला आग लागली त्यात तो जळाला म्हणत. शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणच्या साहेबांनी निवाडा दिला: जो खातेदार आपल्या रानाची हद्द प्रत्यक्ष जागेवर दाखवून देईल त्याचं रान उद्योगनगरीतून वगळून त्याला परत द्यावं. मुदत मार्चअखेर. अकरांपैकी दहा कुटुंबं कंटाळून आधीच दुसरीकडची घरं घेऊन मोकळी झाली होती. राहिली एकटी बयाक्का.

ती माहेरीच असायची. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला, ती परत आली आणि भावाच्या संसाराला हात लावून उभी राहिली. पुढे भाऊही गेला. बिरूला तिनंच वाढवला. त्यांची वस्ती गायरानात, दुसऱ्याच्या दारात बसल्यासारखी. स्वतःच्या नावाची वीतभर जमीन नाही. जन्मभर लोकांची मेंढरं आणि लोकांची खुरपणी. सात एकर रान परत आलं तर बिरूला कुणाच्या बांधावर जाऊन उभं राहावं लागणार नव्हतं. एवढंच होतं, आणि एवढंच तिला हवं होतं.

पंधरा दिवस आधी मी पहिल्यांदा तिच्याकडे गेलो तेव्हा काय झालं ते सांगितलं पाहिजे. मी विचारलं, "आक्का, हद्दीची काही खूण आहे का? दगड वगैरे?"

"हायती की!" ती उठलीच. "चारीच्या चारी हायती. चला दावते."

अठरा वर्षांच्या नोकरीत एवढं सरळ उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. मी नकाशाची गुंडाळी काखेत मारून निघालो. मला वाटलं ती माळाकडे जाईल. ती गेली घरामागं. तिथे लिंबाखाली चार घडीव दगड ओळीनं मांडलेले होते. चुना दिलेला, प्रत्येकावर छिन्नीनं कोरलेली सरकारी खूण, पुढे हळदकुंकू वाहिलेलं.

"हे… हे इथे कसे?"

"आमच्या बापानं आनलं. सायेब म्हनला व्हता, माळावर जे ऱ्हाईल ते फोडून खडी करनार. मग बाप म्हनला, दगड हाय तवर रान आपलं. सगळ्या गावानं आपापलं दगड उपटून आनलं. लोकांनी पुढं पाटं-वरवंटं केलं त्यांचं. आमी न्हाई केलं." तिनं पदरानं एका दगडावरची धूळ पुसली. "पन्नास वर्सं झाली, दर दिवाळीला चुना देती."

हसावं की रडावं ते मला कळेना. हद्दीचा दगड जागेवर उभा असेपर्यंतच साक्षीदार. एकदा उपटला की तो नुसता धोंडा. गाव उठून जाताना माणसं भांडीकुंडी नेतात, देव नेतात; या लोकांनी आपल्या रानाच्या हद्दी पाठीवर मारून आणल्या होत्या आणि पुराव्याचं वाटोळं आपल्याच हातानं केलं होतं. मी हे तिला जितक्या हळू आवाजात सांगता येईल तितक्या हळू सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग कोळशाचं काय?"

"कसला कोळसा?"

"दगड उपटला तवा खाली काळं निघालं. मी नवू वर्साची. मी त्यात हात घातलं, हात काळं झालं, तर बापानं मुस्काटात दिली. म्हनला, त्याला हात लावू नगं, त्यो साक्षीदार हाय. दगड आपून नेतोय, त्यो हितं राखन बसंल."

जुने मोजणीदार दगड पुरण्याआधी खड्ड्यात बाभळीचा कोळसा टाकत. कोळसा कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. दगड कुणी हलवला तरी खालचा कोळसा मूळ जागा सांगतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, आणि प्रत्यक्षात कधी पाहिलं नव्हतं. बयाक्काच्या बापाला मी मनातल्या मनात हात जोडले. त्या अडाणी धनगराला दगडाचं कळलं नव्हतं, पण कोळशाचं बरोबर कळलं होतं.

"पण आक्का, ती जागा? आता तिथे काहीच ओळखीचं नाही."

"डोंगर हाय की. डोंगर न्हाई उपटला कुनी."

तिची रीत अशी होती. मावळतीकडे चवाळ्याच्या डोंगराला खिंड आहे आणि खिंडीतून पलीकडचा एक सुळका दिसतो. तो सुळका खिंडीच्या बरोबर मध्यावर दिसला पाहिजे. आणि त्याच वेळी दक्षिणेकडे बिरोबाच्या देवळाच्या कळसामागे गावटेकडीचं टोक झाकलं गेलं पाहिजे. या दोन्ही गोष्टी माळावर एकाच ठिकाणी जमतात. बापानं तिला तिथं उभं करून, हनुवटी धरून दोन्हीकडे बघायला लावलं होतं. मोजणीच्या शास्त्रात याला मोठं नाव आहे आणि ते शिकायला मला दोन वर्षं लागली होती.

म्हणून त्या सकाळी ती माळावर आली, दोनदा डावीकडे सरकली, एकदा मागे गेली, आणि म्हणाली, "हितंच." मी यंत्र लावून पाहिलं. सुळका मध्यावर होता, टोक कळसाआड होतं. माझ्याच्यानं सुधारण्यासारखं काही नव्हतं.

बिरू खणू लागला. वरचा मुरूम कडक होता, टिकाव टणटण वाजत होता. नाईकनवरे बाजूला उभे होते. पस्तिशीचा माणूस, डोक्यावर पांढरी टोपी, हातात प्रस्तावित नगरीचा रंगीत नकाशा. त्यात आम्ही उभे होतो ती जागा फिकट जांभळी होती. तिथे गोदाम क्रमांक चौदा येणार होतं. मला वाटलं होतं हा माणूस आडवं लावेल. पण तो सारखा बयाक्काकडेच बघत होता.

"चिवटेसाहेब, समजा निघाला कोळसा," तो हळूच म्हणाला, "तर मी हरकत घेणार नाही. चौदा नंबर जरा सरकवता येईल."

"निघू तर द्या," मी म्हणालो.

फुटभर खाली मुरूम संपून काळसर माती लागली. बिरूनं टिकाव टाकून खुरपं घेतलं. बयाक्का खड्ड्याच्या काठावर बसली होती. दोन फुटांवर खुरपं मऊ लागलं. बिरूनं हात घातला, मूठ बाहेर काढली, उघडली. तळहातावर कोळशाचे चार-पाच तुकडे होते, बोराएवढे.

बिरू ओरडला, "आत्ती! निघाला गं! निघाला!" आणि खड्ड्यातच नाचायला लागला. दौलूमामा म्हणाला, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" आणि त्याला स्वतःलाच हसू आलं. नाईकनवऱ्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. बयाक्कानं एक तुकडा घेतला, बोटानं चुरला आणि ते बोट कपाळाला लावलं. ती रडत नव्हती. ती नऊ वर्षांची होऊन बसली होती.

"बापानं राखन ठेवला त्यो," ती म्हणाली. "बसला बगा बिचारा, पन्नास वर्सं."

आनंदाच्या भरात मी तिथेच कागद गुडघ्यावर घेतला. पंचनाम्याचं पहिलं वाक्य मी लिहिलं. 'खातेदाराने दर्शविलेल्या ठिकाणी दोन फूट खोलीवर जुन्या हद्दीच्या खुणेचा कोळसा आढळून आला.' एक दगड पक्का झाला की बाकीचे तीन हुकुमातल्या मापांवरून काढता येत होते. अजून काय हवं होतं? पाच सह्या झाल्या की रान तिचं. नाईकनवऱ्यांनी तर खिशातून पेन काढून टोपणही उघडलं होतं.

"थांबा," मी म्हणालो.

या एका शब्दाबद्दल मी पंचवीस वर्षं विचार करतोय.

"अजून एक खड्डा घेऊ. दहा पावलांवर, रानाच्या आतल्या बाजूला. तिथे काही नसणार. पण 'तिथे नाही, इथेच आहे' असं लिहिलं की पुरावा पोलादी होतो. उद्या कोणी कोर्टात गेलं तरी केसाला धक्का लागायचा नाही."

"गरज आहे का?" नाईकनवऱ्यांनी विचारलं. "मला मान्य आहे. मी सही करतोय."

"तुम्ही कराल हो. तुमच्या जागी उद्या दुसरा येईल. मोजणी म्हणजे मोजणी."

बयाक्का म्हणाली, "घ्या की सायेब. आपल्याला काय भ्या हाय?" आणि बिरूनं उत्साहानं टिकाव खांद्यावर मारला. गाणं गुणगुणत दहा पावलं मोजली आणि खणायला लागला. मी यंत्र पुसत बसलो होतो. दौलूमामानं तंबाखू मळली. मग टिकावाचा आवाज थांबला, गुणगुणणंही थांबलं.

"सायेब," बिरू म्हणाला, "हितं बी हाय."

मी जाऊन पाहिलं. दोन फुटांवर, काळसर मातीत, कोळसा. बोराएवढाच.

"एखादा तुकडा वाहून आला असेल," मी म्हणालो. स्वतःचाच आवाज मला वरचा वाटला. "तिकडे घे. उत्तरेला, तीस पावलांवर."

तिथेही निघाला. मग मी धावपट्टी ओलांडून पलीकडे गेलो, जिथं मासाळांचं रान असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि तिथे मीच टिकाव घेतला. तळहाताला फोड आले. चौथ्या खड्ड्यात मूठभर नाही, ओंजळभर कोळसा निघाला, आणि एका तुकड्याला डांबराचा वाळलेला थेंब चिकटला होता.

मी ती ओंजळ घेऊन परत आलो आणि बयाक्कासमोर धरली. का धरली कोण जाणे. कदाचित तिनं काहीतरी सांगावं, माझं चुकतंय म्हणावं, असं मला वाटत होतं.

तिनं डांबराचा थेंब नखानं खरवडला. तिचा चेहरा बदलत गेला तो मी पाहिला. "डांबर तापवायचं," ती म्हणाली. "पिपं मांडून. पट्टीच्या कडंनं, हितनं तितवर जाळ असायचा. आमी वस्तीवरनं बघायचो. लाकडं… लाकडं आमच्याच बाभळीची. बांधावरच्या समद्या तोडल्या व्हत्या."

ती हे बोलली नसती तरी चाललं असतं. तिच्याशिवाय ते आठवणारं कुणी तिथे नव्हतं. पण मी कोळसा पुढे धरला आणि तिला आठवलं, म्हणून ती बोलली. तिच्याच बांधावरची लाकडं जळून माळभर कोळसा झाली होती, आणि त्या कोळशात बापाचा कोळसा कुठला, हे आता देवालासुद्धा सांगता आलं नसतं.

मी भिंग काढलं. पहिल्या खड्ड्यातल्या तुकड्यांवर डांबर नव्हतं. पण दुसऱ्या खड्ड्यातल्या तुकड्यांवरही नव्हतं, तिसऱ्याही नाही. माळाची मूळची माती किती खरवडली, वर भर किती टाकली, याचा कागद कुणाकडेच नव्हता; त्यामुळे खोलीवरूनही काही ठरवता येईना. पहिला कोळसा तिच्या बापाचा असू शकत होता. नसूही शकत होता.

"कुनी सांगितलं व्हतं दुसरा खड्डा काढाया?" बिरू एकदम उसळला. "आँ? तुमास्नी कुनी सांगितलं व्हतं? त्यो इंजिनेर सही करत व्हता की! तुमाला का खाज आली?"

"बिरू," बयाक्का म्हणाली. "सायबास्नी आसं बोलू न्हाई."

दौलूमामा माझ्याजवळ आला. तीस वर्षं साखळी धरलेला माणूस, माझ्यापेक्षा जुना. खालच्या आवाजात म्हणाला, "सायेब, तीन खड्डं बुजवतो. घटकाभराचं काम. पाच मानसं हाओत आपन. माझ्या तोंडातनं जायाचं न्हाई."

मी नाईकनवऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. ते म्हणाले, "मी गाडीतून पाणी घेऊन येतो," आणि चालायला लागले. पाण्याचा भरलेला कॅन आमच्या पायाशी होता. गाडी फाटकाशी, पाऊण मैलावर. त्यांनी रंगीत नकाशा काखेत घट्ट धरला होता आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाही. त्या माणसानं मला अर्धा तास दिला होता. असा अर्धा तास नोकरीत एकदाच मिळतो, तोही सगळ्यांना मिळत नाही.

मी त्या अर्ध्या तासात काय केलं? सावलीसुद्धा नव्हती, तिथेच मुरुमावर बसलो, पहिल्या कागदावर काट मारली आणि नवा कागद घेतला. चारही खड्ड्यांची अंतरं मोजली. दौलूमामानं साखळी धरली, कारण मी धर म्हणालो. बिरू पाठ करून बसला होता. मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'चारही ठिकाणी सारखाच कोळसा आढळून आल्याने हद्दीची मूळ जागा निश्चित सांगता येत नाही.' माझं अक्षर चांगलं आहे असं सगळे म्हणत.

तेव्हा मी याला सचोटी म्हणत होतो. दहा वर्षं तसंच म्हणत राहिलो. पण खरं सांगायचं तर तीन खड्डे बुजवून एकच लिहायचा तर माझी 'वीतभर चूक नाही' ही ऐट गेली असती, ती मला सोडवली नाही. आणि गंमत म्हणजे त्यात खोटंही फारसं नव्हतं. ती जागा तिचीच होती याबद्दल माझ्या मनात तेव्हाही तिळमात्र शंका नव्हती. सुळका खिंडीच्या मध्यावर होता, टोक कळसाआड होतं. पण माणसाच्या आठवणीला आमच्या रकान्यात जागा नव्हती, आणि मी रकान्याबाहेर लिहिणारा नव्हतो.

पुढचं सांगून टाकतो. मार्चअखेर मासाळांचा अर्ज निकाली निघाला, म्हणजे फेटाळला गेला. गोदाम क्रमांक चौदा नकाशात होतं तिथंच झालं. नाईकनवरे वर्षभरात बदली मागून गेले. उद्योगनगरीत अर्ध्याहून जास्त गोदामं आजही रिकामी आहेत. चौदा नंबरही रिकामं आहे. बिरूला त्याच गोदामावर पहारेकऱ्याची नोकरी लागली, ती त्यानं सहा महिने केली आणि सोडली. त्यानंतर तो कुठे गेला ते खरसुळ्यात कुणी नीट सांगत नाही. बयाक्का दोन हजार तीन साली गेली. तोवर मी तीनदा त्या बाजूला मोजणीला गेलो आणि तिन्ही वेळा वस्तीच्या अलीकडच्या फाट्यावरून वळलो.

पण हे सगळं झालं नसतं तरी मी ही हकीकत विसरलो नसतो. अर्ज फेटाळले जातात, रानं जातात, गोदामं रिकामी पडतात, मी काही पहिला नव्हतो. त्या दिवशी शेवटी जे झालं त्यानं माझी झोप नेली.

नाईकनवरे पाणी न घेता परत आले. माझ्या हातातला कागद बघून त्यांना कळलं. त्यांनी सही केली, दौलूमामानं केली, बिरूनं न वाचता केली. मी शाईचं पॅड बयाक्कासमोर धरलं. तिचं बोट आधीच काळं होतं. तिनं ते लुगड्याला पुसलं, मग शाईत बुडवलं आणि मी दाखवलं तिथे उमटवलं.

"काय लिवलंय?" तिनं विचारलं.

मी वाचून दाखवलं. 'निश्चित सांगता येत नाही' हे मी भरभर वाचलं. तिनं ते परत वाचायला लावलं.

मग ती उठली. पहिल्या खड्ड्यापाशी गेली, तिथं उभी राहिली. डोंगराकडे बघितलं, कळसाकडे बघितलं. एक पाऊल उजवीकडे सरकली. पुन्हा बघितलं. दोन पावलं मागे गेली. मग दुसऱ्या खड्ड्यापाशी जाऊन तिथूनही बघितलं. सकाळी ती तीन हालचालींत जागेवर आली होती. आता ती इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत राहिली, आणि कुठेच थांबेना. बिरू म्हणाला, "आत्ती, चल घरला." तिनं ऐकलं नाही.

शेवटी ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. पन्नास वर्षं जिला डोळे मिटून ती जागा दाखवता आली असती, तिनं मला विचारलं, "सायेब, तुमी शिकल्यालं हाओ. मग आमचं रान व्हतं तरी कुठं?"

मी तिचा हात धरला आणि तिला पहिल्या खड्ड्यापाशी नेलं. "इथंच, आक्का," मी म्हणालो. "तुम्ही सकाळी दाखवलंत तिथंच. देवाशपथ सांगतो, इथंच होतं."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग माझ्या काखेतल्या फायलीकडे बघितलं.

"मग तसं लिवा की," ती म्हणाली.

पेन खिशात होतं. पंचनाम्यावर खाली दोन ओळींची जागाही शिल्लक होती. ती समोर उभी राहून वाट बघत होती, आणि मी लिहिलं नाही.